बॉनेटखालचा झेंडू

पालेगाव, अंबरनाथ पूर्व
५ ऑक्टोबर, रविवार

चि. करण,

आशीर्वाद. घ्यायचे तर घे, नाहीतर पाकिटातच राहू देत.

तू माझा फोन उचलत नाहीस. आईच्या फोनवरून मी हॅलो म्हटलं की कट करतोस. म्हणून पत्र. कोइम्बतूरचा पत्ता आईकडून काढला, तिला ओरडू नकोस. तीन वर्षांपूर्वीचं मी काही उकरत नाही. बापाने पोराला एक थप्पड मारली, त्यात एवढं काय आभाळ कोसळलं ते मला अजून कळलेलं नाही. पण ते जाऊ दे. आज माझा मूड लई भारी आहे.

कारण आज मी तुझी झेन रेसच्या ट्रॅकवर चालवली!

परत वाच. मी. एकतीस वर्षं एसटी चालवून ज्याने रस्त्यावरची एक कोंबडी मारली नाही, तो धर्मराज. बदलापूरच्या पुढे, त्या बंद कंपनीच्या आवारात, तुमच्या त्याच ट्रॅकवर.

का गेलो म्हणशील तर बॅटरी. गाडी उभी राहून बॅटरी उतरते. मी दर रविवारी ताडपत्री काढून, पुसून, दहा मिनिटं चालू ठेवतो, पण तेवढ्याने काय होतंय? तिला पळवायला हवी. आणि पळवायला पालेगावात रस्ता कुठे राहिलाय? जिथे आपण भात लावायचो तिथे आता बिल्डिंगींचे गेट आहेत. म्हणून ट्रॅक. दुसरं काही कारण नाही.

तिथे आकाश नावाचा पोरगा फॉर्म भरून घेतो. वय एकसष्ट बघितलं आणि विचारतो, "काका, तुम्ही स्वतः चालवणार?" म्हटलं, "नाही, माझी आजी चालवणार, ती मागे डिकीत बसलीय. फॉर्म घे." घेतला गुमान. मग सगळ्यांना उभं करून झेंडे समजावले. पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे थांबा, निळा म्हणजे मागच्याला पुढे जाऊ द्या. मी मनात म्हटलं, निळा आपल्या काय कामाचा? आपल्याला कोण ओव्हरटेक करतंय?

पहिल्या फेरीत सात जणांनी केलं. एक बाई तर दोनदा पुढे गेली!

पण करण, दुसऱ्या फेरीला काय झालं सांगू? सरळ रस्ता आला, समोर कोणी नाही. रिक्षा नाही, म्हैस नाही, हात दाखवणारा पॅसेंजर नाही. मी पाय दाबला. साठ. सत्तर. ऐंशी! साठाच्या वरचा काटा मी आयुष्यात फक्त दुसऱ्याच्या गाडीत बघितलाय. एसटीत वळण घ्यायचं म्हणजे शेवटच्या सीटवरच्या म्हातारीची पिशवी पडायला नको, एवढंच बघायचं. इथे वळण आलं आणि मी म्हातारीला विसरलो. तुझी गाडी अशी वळली, अशी वळली की हेल्मेटच्या आत मी एकटाच ओरडलो, "आयला! आयला!" तिसऱ्या फेरीला नव्वद! खोटं वाटेल, पण मी गाणं म्हणत होतो.

बाकी सगळं व्यवस्थित. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं ते बरंच झालं. गाडी घरी आहे, ताडपत्रीखाली. येताना पेट्रोल अजिबात खाल्लं नाही. आता थोडे दिवस चालू करणार नाही, तिलाही विश्रांती हवी.

तुझा,
बाबा

८ ऑक्टोबर, बुधवार

चि. करण,

आज सकाळी आकाशचा फोन आला. त्याचं हेल्मेट माझ्याकडेच राहिलंय. बोलता बोलता म्हणतो, "काका, करणला सांगा तुम्ही बरे आहात म्हणून. रविवारी फोनवर फार घाबरला होता."

मी म्हटलं, कोण करण? कुठला फोन?

तर त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, काही झालं तर कोणाला कळवायचं. तिथे मी तुझा नंबर लिहिला होता. हाताला तोच पाठ आहे, काय करू? आणि त्या शहाण्याने बॉनेटमधून वाफ निघालेली बघितली आणि लावला फोन कोइम्बतूरला.

म्हणजे माझं रविवारचं पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू ते वाचून खो खो हसशील. पेट्रोल खाल्लं नाही म्हणे! कसं खाणार, दोरीला बांधून आणली. हास. हसायचा तुझा हक्क आहे.

आकाशला मी विचारलं, करण काय म्हणाला? तो म्हणाला, "एकच विचारलं, बाबा गाडीतून बाहेर आलेत का." मी म्हटलं, आणि गाडीचं? म्हणाला, गाडीचं काही नाही. मी त्याला तीनदा विचारलं, गाडीचं काहीच नाही? तो वैतागला शेवटी.

तर आता खरं काय झालं ते ऐक.

चौथी फेरी. मी नव्वदच्या नादात, काट्याकडे लक्ष नाही. म्हणजे वेगाच्या काट्याकडे होतं, गरमीच्या नव्हतं. आधी वास आला. जळका वास, आणि त्यात फुलांचा. मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. मग बॉनेटच्या फटीतून वाफ. एकतीस वर्षांचा हात आहे, घाबरलो नाही. बाजूला घेतली, बंद केली, उतरलो. उतरलो आणि मग गाडीलाच टेकून उभा राहिलो, ते मात्र खरं.

मला वाटलं आता हे मोठ्या गाड्यांवाले हसणार. म्हातारा आला कशाला, असं म्हणणार. तुझी शपथ, एकही हसला नाही. लाल झेंडा पडला, सगळ्या गाड्या थांबल्या आणि पहिला धावत आला तो सनी. कॅम्प तीनचा सिंधी, जीन्सचा कारखाना आहे त्याचा. दोन हातात पाण्याचे दोन कॅन. "अरे साईं, पहले आप बैठो. गाडी कहीं नहीं भागती." मला टायरवर बसवलं, माझ्या डोक्यावर स्वतःची टोपी घातली.

मागून ती मला दोनदा ओव्हरटेक करणारी बाई आली. प्रतिभा नाव, बदलापूरला दातांची डॉक्टर आहे. आली ती थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला. मी असा ओरडलो, "ए बाई! हात लावू नको, तोंड भाजेल!" अनोळखी बाईवर ओरडलो म्हणून मलाच कसंतरी झालं. तर ती हसली. म्हणते, "काका, पेशंट तुमचा, तुम्ही सांगाल तसं." मग मी टायरवर बसून सांगत होतो आणि सगळे करत होते. वीस मिनिटं गार होऊ दिली.

आणि मग बॉनेटच्या आत डोकावलो तर काय, झेंडू!

दसऱ्याला तुझ्या आईने गाडीची पूजा केली, बॉनेट उघडून इंजिनलाही हार घातला. म्हणाली, खरं शस्त्र आत असतं. तो हार काढायचा राहिला. तो घसरला रेडिएटरच्या पंख्यात, दोरा गुंडाळला, पंखा जाम, मोटर जळाली. सगळीकडे पाकळ्या. सनी म्हणाला, "बीस साल से गाड़ी चला रहा हूँ, ऐसा ब्रेकडाउन पहली बार देखा. प्रसाद भी है क्या अंदर?" मग हसले सगळे. मीसुद्धा.

दोरा असा घट्ट बसलेला की पक्कड आत जाईना. प्रतिभाबाई तिच्या गाडीकडे गेली आणि दात काढायची बॅग घेऊन आली. बारीक चिमटा, पुढून वाकडा, आणि कपाळावर बांधायचा तो दिवा. अर्धा तास वाकून एकेक धागा ओढून काढला तिने. अधूनमधून इंजिनलाच म्हणायची, "झालं हं, झालं." सवयच तिची ती. पंखा सुटला, पण मोटर गेली ती गेलीच.

त्यांचे सगळ्यांचे दुपारचे राउंड माझ्यापायी बुडाले. महिन्यातून एक रविवार मिळतो त्यांना. मी म्हटलं, तुम्ही जा, मी टेम्पो बघतो. तर प्रतिभाबाईने स्वतःच्या गाडीची चावी माझ्या तळहातावर ठेवली. "काका, तुमच्या दोन फेऱ्या बाकी आहेत. आमच्याकडे अर्धवट राहिलेलं चालत नाही." तिची कोरी करकरीत गाडी, करण! तिने माझ्याबद्दल काय बघितलं होतं? चार फेऱ्या आणि एक जळकी मोटर. मी नको नको म्हणत बसलो आत. नव्वदच्या वर नाही गेलो. पंच्याण्णव.

संध्याकाळी सनीने दोरी बांधून पुढे ओढत आणली, मागे प्रतिभाबाई चारी इंडिकेटर लावून. पालेगावात आलो तर माणसं बघायला बाहेर. तुझ्या आईने सगळ्यांना चहा दिला. सनी आणि प्रतिभाबाई ओट्यावर बसून घावणे खाऊन गेले.

एवढंच. आता काही लपवलेलं नाही.

बाबा

ता. क. करण, हार मी नाही घातला. ह्यांनीच घातला. मी म्हटलं होतं, अवो बाहेरनं घाला, आत नको, तर मलाच शिकवत होते खरं शस्त्र आणि काय काय. मी फक्त नारळ दिला. जेवतोस ना वेळेवर? — आई

१२ ऑक्टोबर, रविवार

चि. करण,

तुझ्या आईने पाकीट चिकटवायच्या आधी काय लिहिलं ते मला काल कळलं. चिकटवायला मीच दिलं होतं तिच्याकडे, चूक माझी. बरं, हार मी घातला. झालं समाधान दोघांचं?

आता एवढं बाहेर आलंच आहे तर बाकीचंही घे. मी बॅटरीसाठी गेलो नव्हतो.

आपल्या गावकीत नियम आहे, तुला माहीत आहे. ज्याचा अपमान चारचौघांत केला, त्याची माफीही चारचौघांत. घरात येऊन पाय धरले तरी ती माफी धरत नाहीत. तुझ्या आजोबांनी सख्ख्या भावाला, जनूकाकाला, देवळापुढे पंचवीस माणसांत हात जोडायला लावले होते. मी तेव्हा दहा वर्षांचा, तिथेच उभा होतो. म्हणून तीन वर्षं मला एकच दिसत होतं. तुला मी तुमच्या त्या पिटमध्ये, गाड्या थांबतात त्या पत्र्याच्या शेडखाली, वीस माणसांसमोर मारलं. तर बोलायचं तेही तिथेच, त्याच माणसांसमोर. पण आता नुसत्या बघ्यांना ते जाळीच्या बाहेर ठेवतात. आत जायला गाडी पाहिजे. मग गाडी तर आहे म्हटलं, आणि भरला फॉर्म.

दसऱ्यापासून आरशासमोर पाठ करत होतो. "मी करणचा बाप. तीन वर्षांपूर्वी इथे मी चुकीचं वागलो." दोन वाक्यं. एसटीच्या युनियनमध्ये तास तास भाषणं ठोकलीत मी. आणि तिथे गेलो, हेल्मेट घातलं, पाय दाबला, आणि च्यायला सगळं विसरलो! गाणं म्हणत बसलो! माफी मागायला गेलेला माणूस नव्वदने गाणं म्हणत फिरतोय, कोणाला सांगायचं?

आठवलं ते दोरा निघाल्यावर. सगळे हात पुसत उभे होते, हाताला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. मी टायरवरून उठलो. म्हटलं, "थांबा जरा. मला बोलायचंय. मी करणचा बाप."

सनी म्हणाला, "पता है, काका."

"कसं पता?"

"लाल झेन गेटच्या आत आली तेव्हाच. ही गाडी आम्ही कशी विसरणार? आणि आप को तो बिलकुल नहीं भूले."

सगळ्यांना माहीत होतं, करण. सकाळपासून. पाण्याचे कॅन घेऊन धावला तेव्हा माहीत होतं, टोपी घातली तेव्हा माहीत होतं, त्या बाईने चावी दिली तेव्हाही माहीत होतं की हाच तो माणूस. मी म्हटलं, मग मदत कशाला केलीत? तर सनी माझ्याकडे असा बघायला लागला, जसं मी काही भलतंच विचारलं. "गाडी बंद पडली होती ना," म्हणाला.

मग मी दोन वाक्यं बोललो. पाठ केलेली नाही आली, वेगळीच आली. मग सनीनेच सांगितलं, जे मला सांगायला कोणी उरलं नव्हतं. "काका, उस दिन करणने पूरे दिन का बेस्ट टाइम मारा था. तो हेल्मेट काढत होता, आम्ही सगळे टाळ्या वाजवायला त्याच्याभोवती गोळा झालो होतो. उतने में आप आ गए."

मी खाली बसलो परत.

तुला हे कधी सांगितलं नाही, आज सांगतो. तू ट्रॅकवर गाडी पळवतोस असं गावातून ऐकून मी स्कूटरवर आलो होतो, तेव्हा तुला मारायला नव्हतो आलो. बघायला आलो होतो. गेटपाशी आलो आणि लांबून दिसलं, तुझी गाडी उभी आणि भोवती माणसांचा घोळका. एकतीस वर्षांत मी गाडीभोवती माणसं गोळा झालेली एकाच कारणासाठी बघितलीत. स्कूटर तिथेच टाकली आणि धावलो. माणसं बाजूला सारली, तर आत तू. उभा. धडधाकट. हसत. आणि माझा हात उठला. का उठला ते मला विचारू नकोस, मी तीन वर्षं स्वतःला विचारतोय. त्या क्षणी तुला जवळ घ्यायला हवं होतं, एवढं साधं होतं.

प्रतिभाबाई म्हणाली, "काका, आमच्यासमोर बोललात, बरं झालं. पण ज्याला लागलं तो इथे नाही. त्याला सांगा."

म्हणून सांगतो. करण, माझं चुकलं. थप्पड मारली ते चुकलं, नंतर तू आठ दिवस घरात होतास तेव्हा तोंड फिरवून बसलो ते जास्त चुकलं. पहिल्या पत्रात त्यात काय एवढं असं लिहिलं, तेही चुकलं. तुझी कला मला तेव्हा कळली नाही. परवा चौथ्या फेरीला कळली.

गाडीचं म्हणशील तर मोटर मिळत नाहीये. कॅम्प चारमधली सगळी दुकानं पालथी घातली, मॉडेल जुनं म्हणतात. गाडी बिचारी उभी आहे. बघू.

उत्तर दे असं म्हणत नाही.

बाबा

१९ ऑक्टोबर, रविवार

चि. करण,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. का ते पुढे कळेल. गाडीच्या सीटवर ठेवतोय.

काल कुरिअरवाला आला. खोका उघडला तर पंख्याची मोटर! नवी कोरी, त्याच मापाची, कोइम्बतूरहून. मी खोका उलटा केला, थर्माकोलचे तुकडे चाळले, गुंडाळलेला तमिळ पेपरसुद्धा उलटसुलट बघितला. चिठ्ठी नाही. एक अक्षर नाही. तुझ्या आईला म्हटलं, बघ, सामान पाठवलं, शब्द नाही पाठवला. ती म्हणाली, सामान तरी पाठवलं ना. मी म्हटलं, तेही खरंच.

मग सरळ बॉनेट उघडलं, जळकी मोटर काढली आणि नवी बसवायला घेतली. तीन स्क्रू लावून झाले, चांगले पिळून घट्ट केले. चौथा हातात होता आणि घरातून आईची हाक, "अवो, इकडं या! आधी इकडं या!"

ती चकल्या भरायला तो खोका पुसून घेत होती. झाकणाच्या आतल्या बाजूला, चिकटपट्टीखाली, कागद. तुझं अक्षर. "बाबा, मोटर तुम्ही बसवू नका. मंगळवारी लक्ष्मीपूजनाला येतोय. मी बसवतो."

आईने वाचलं, मी वाचलं, परत आईने वाचलं. ती रडत होती. मी रडलो नाही. बरं, रडलो, लपवाछपवी पुरे झाली आता. मग सनीला फोन केला, प्रतिभाबाईला केला, आकाशला केला. त्या तिघांनी फोनवरच एवढा आरडाओरडा केला की शेजारचा शिवराम भिंतीवरून विचारतो, काय झालं, कोणाला मुलगा झाला? म्हटलं, हो, मला!

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. तू बॉनेट उघडशील, स्क्रूवर नवे ओरखडे दिसतील, आणि तुला वाटेल बाबाने आपलं ऐकलं नाही, आधीच हात घातला. घातला होता, पण कागद मिळायच्या आधी. कागद वाचल्यावर मी परत गेलो, तिन्ही स्क्रू काढले, नवी मोटर पुसून खोक्यात ठेवली आणि जुनी जळकी होती तशी आत बसवली. चारही स्क्रू लावून. म्हणजे तुला सगळं काम पहिल्यापासून करता येईल.

तुझी आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अवो, जळकी मोटर परत कोण बसवतं?"

मी म्हटलं, "ज्याचा पोरगा येतोय, तो."

बाबा